नानाभॉय आर्देशिर फ्रामजी मूस

नानाभॉय आर्देशिर फ्रामजी मूस (१८५९ – १९३६) हे भूचुंबकत्वाचे भारतीय अभ्यासक होते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे स्थायी संचालकपद मिळालेले ते पहिले भारतीय मानले जातात. १८९६ ते १९१९ या काळात त्यांनी हे पद सांभाळले. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या सुरू होण्यापूर्वी त्यांनी चुंबकीय निरीक्षणांचे काम अलिबाग येथे हलवले. त्यामुळे १८४६ पासून चालत आलेली निरीक्षणांची मालिका खंडित झाली नाही. या मालिकेतील साठ वर्षांच्या नोंदींची छाननी करून त्यांनी १९१० मध्ये दोन भागांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. चुंबकीय वादळांच्या अभ्यासात हा ग्रंथ पायाभूत समजला जातो.

'चुंबकीय वादळ' या संज्ञेचा वारा, पाऊस किंवा समुद्री चक्रीवादळ यांच्याशी संबंध नाही. सूर्याकडून आलेल्या विद्युतभारित कणांच्या झोतामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात काही तास ते काही दिवस जी मोठी उलथापालथ होते, तिला चुंबकीय वादळ म्हणतात. अशा वादळात आकाश निरभ्र आणि समुद्र शांत असू शकतो. वादळाची जाणीव प्रथम होते ती टांगलेल्या चुंबकसूचीला, आणि वादळ तीव्र असेल तर तारायंत्र, रेडिओ व वीजवाहिन्यांना.

जीवन आणि शिक्षण

मूस यांचा जन्म १८५९ मध्ये मुंबईतील एका पारशी कुटुंबात झाला. त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात झाले. पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजात त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. हेच महाविद्यालय नंतर पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यानंतर उच्च शिक्षणासाठी ते स्कॉटलंडला गेले आणि एडिंबरा विद्यापीठाची विज्ञान शाखेची पदवी घेऊन भारतात परतले. एडिंबरा येथील रॉयल सोसायटीने त्यांना आपले फेलो म्हणून निवडले होते.

१८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे संचालक चार्ल्स चेंबर्स यांचे निधन झाले आणि वेधशाळेची सूत्रे मूस यांच्याकडे आली. त्या काळी सरकारी वैज्ञानिक खात्यांतील वरिष्ठ जागांवर प्रायः युरोपीय अधिकारी नेमले जात. त्यामुळे या नेमणुकीला वैज्ञानिक महत्त्वाबरोबरच सामाजिक महत्त्वही आहे.

कुलाबा वेधशाळेची परंपरा

मूस यांच्याकडे आलेली वेधशाळा तेव्हा सत्तर वर्षांची होती. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाबा बेटावर तिची स्थापना केली. बंदरात येणाऱ्या जहाजांना अचूक वेळ पुरवणे आणि खगोलीय वेध घेणे हा तिचा मूळ हेतू होता. १८३० च्या दशकात जर्मन गणितज्ञ कार्ल फ्रीडरिश गाउस यांच्या पुढाकाराने निरनिराळ्या देशांत एकाच वेळी चुंबकीय निरीक्षणे घेण्याची मोहीम सुरू झाली. तिच्या प्रभावाने १८४१ पासून कुलाब्यातही चुंबकीय निरीक्षणांना प्रारंभ झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातील प्राध्यापक आर्थर ऑर्लेबार यांच्याकडे आरंभी या कामाची जबाबदारी होती.

या वेधशाळेशी मराठी विद्वानांचा संबंध प्रारंभापासून होता. बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ तेथील काम पाहिले. अलिबागजवळच्या नागाव येथे जन्मलेले गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८४० च्या दशकात, ऐन तारुण्यात, वेधशाळेत साहाय्यक म्हणून काम केले.

आरंभीची उपकरणे साधी पण संवेदनशील होती. धाग्याने टांगलेल्या चुंबकाला छोटा आरसा जोडलेला असे. चुंबक किंचित जरी वळला तरी आरशातील मोजपट्टीचे प्रतिबिंब सरके, आणि निरीक्षक ते दुर्बिणीतून वाचून वहीत नोंदवत. १८४६ पासून ही वाचने नियमितपणे होऊ लागली. रात्री, पावसाळ्यात आणि सणासुदीलाही निरीक्षकांच्या पाळ्या चालत. सूची अस्वस्थ झाल्याचे दिसले की वाचनांमधील अंतर कमी करून काही मिनिटांवर आणण्याची पद्धत होती.

या शिस्तीचे मोल पुढे स्पष्ट झाले. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यबिंबावर एक तीव्र प्रकाशझळाळी दिसली. त्यानंतर अठरा तासांच्या आत पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ सुरू झाले. युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे बंद पडली आणि एरवी ध्रुवीय प्रदेशापुरता मर्यादित असणारा ध्रुवप्रकाश कितीतरी दक्षिणेपर्यंत दिसला. अनेक वेधशाळांच्या मापकांची सूची मोजपट्टीच्या बाहेर गेली. कुलाब्याच्या निरीक्षकांना मात्र संपूर्ण वादळाचे वाचन करता आले. २ सप्टेंबरच्या दुपारच्या सुमारास तेथील क्षैतिज चुंबकीय बल सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घटल्याची नोंद आहे. ही घट मुंबईतील एकूण क्षैतिज बलाच्या साधारण चार टक्के भरते. सामान्य वादळात ती बहुधा शंभर नॅनोटेस्लांच्या आतबाहेर असते. मूस यांचा जन्म याच वर्षीचा आहे.

१८६५ मध्ये चार्ल्स चेंबर्स संचालक झाले. त्यांच्या कारकिर्दीत, १८७२ पासून, छायाचित्रणाच्या कागदावर चुंबकीय बदलांची रेषा आपोआप उमटवणारी यंत्रे वापरात आली. तासातासाच्या वाचनांमध्ये निसटणारे चढउतारही त्यामुळे नोंदले जाऊ लागले. याच वर्षी ४ फेब्रुवारीच्या महावादळात खुद्द मुंबईच्या आकाशात ध्रुवप्रकाश दिसल्याची वृत्ते आहेत.

संचालकपदाचा काळ

संचालक या नात्याने मूस यांच्याकडे चार स्वतंत्र कामे होती: बंदरासाठी वेळ पुरवणे, हवामानाच्या नोंदी ठेवणे, चुंबकीय निरीक्षणे आणि भूकंपमापन. यांपैकी भूकंपमापनाची सुरुवात त्यांच्याच काळात झाली. इंग्रज भूकंपशास्त्रज्ञ जॉन मिल्न यांनी तयार केलेले भूकंपमापक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगभर बसवले जात होते. त्यांपैकी एक कुलाब्यात उभे राहिले. भारतातील यंत्राधारित भूकंपनोंदीच्या आरंभीच्या केंद्रांमध्ये कुलाब्याचा समावेश होतो.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी आलेल्या मोठ्या चुंबकीय वादळाने अनेक देशांतील तारायंत्रे विस्कळीत केली. या वादळाची नोंद कुलाब्याच्या यंत्रांनी घेतली. कुलाब्याच्या जागेवर नोंदल्या गेलेल्या अखेरच्या मोठ्या वादळांपैकी ते एक होते. त्या सुमारास वेधशाळेचे चुंबकीय काम मुंबईबाहेर नेण्याची तयारी चालू होती.

विजेची ट्राम आणि स्थलांतराचा प्रश्न

मुंबईत १८७४ पासून घोड्यांनी ओढलेल्या ट्रामगाड्या धावत होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या विजेवर चालवण्याची योजना आकारास आली. शहराच्या दृष्टीने ही सुधारणा अत्यावश्यक होती. चुंबकीय वेधशाळेच्या दृष्टीने मात्र ती घातक ठरणार होती.

ट्रामला एकदिश विद्युतप्रवाह लागतो. तो वरच्या तारेतून गाडीत येतो आणि रुळांमार्फत विद्युतकेंद्राकडे परततो. रूळ जमिनीपासून पूर्णपणे विलग नसल्यामुळे प्रवाहाचा काही भाग मातीत झिरपतो आणि ओलाव्याच्या वाटेने दूरवर पसरतो. प्रत्येक गाडी सुटताना व थांबताना हा प्रवाह बदलतो आणि त्याबरोबर आसपासचे चुंबकीय क्षेत्रही बदलते. परिणामी वेधशाळेच्या कागदावर शहराच्या वाहतुकीचे ठसे उमटू लागतात आणि पृथ्वीच्या क्षेत्रातील सूक्ष्म बदल त्यांत हरवून जातात. युरोपातील काही वेधशाळांना याच कारणाने आपली जागा सोडावी लागली होती.

केवळ नवी जागा शोधून हा प्रश्न सुटणारा नव्हता. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र प्रत्येक ठिकाणी थोडे वेगळे असते. एका जागेवरील नोंदी थांबवून दुसरीकडे नव्याने सुरू केल्या असत्या, तर दोन्ही मालिका एकमेकींशी जोडता आल्या नसत्या आणि साठ वर्षांचा संचय तेथेच संपला असता. नवी जागा मुंबईपासून पुरेशी दूर, पण चुंबकीय दृष्ट्या तिच्याशी मिळतीजुळती असणे आवश्यक होते. शिवाय जुन्या जागेवर विजेचा उपद्रव सुरू होण्यापूर्वी काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी निरीक्षणे घेणेही गरजेचे होते.

अलिबाग वेधशाळा

यासाठी मुंबईच्या दक्षिणेस सरळ रेषेत सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या अलिबागची निवड झाली. अलिबाग हे त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते. मुंबईतील कुलाबा आणि अलिबागचा कुलाबा किल्ला, ज्यावरून जिल्ह्याला नाव मिळाले, ही दोन भिन्न ठिकाणे आहेत. वेधशाळेच्या इतिहासात दोन्ही नावे एकत्र येत असल्याने वाचकांचा घोटाळा होण्याचा संभव असतो. या जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड असे झाले. मुंबईहून रस्त्याने अलिबागला जाण्याचा आजचा मार्ग पनवेल व पेणवरून येतो आणि वडखळ येथे मुंबई–गोवा महामार्ग सोडून पश्चिमेकडे वळतो. मूस यांच्या काळात मुंबईचा या भागाशी संपर्क प्रामुख्याने जलमार्गाने असे. रेल्वे, कारखाने आणि विजेची वाहने यांपासून हा किनारा दूर होता.

नव्या वेधशाळेच्या बांधकामात लोखंडाचा वापर टाळणे ही पहिली अट होती. चुंबकीय खनिजाचा अंश असलेला दगडही वर्ज्य होता. सह्याद्री आणि कोकणात सर्वत्र आढळणारा काळा बेसाल्ट खडक स्वतःच चुंबकीय गुणधर्माचा असल्याने स्थानिक दगड वापरता येत नव्हता. म्हणून काठेवाडातील पोरबंदर येथून वालुकाश्म आणून इमारती उभारण्यात आल्या. यंत्राच्या खोलीतील तापमान बदलले तर चुंबकाची शक्तीही बदलते आणि चुकीच्या नोंदी होतात. त्यामुळे यंत्रांची इमारत जाड, दुहेरी भिंतींची ठेवून आतील तापमान शक्य तितके स्थिर राखण्यात आले.

अलिबागचे काम १९०४ मध्ये सुरू झाले. पुढील सुमारे दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी समांतर निरीक्षणे घेण्यात आली. दोन्हीकडच्या मूल्यांतील फरक या काळात निश्चित झाला आणि जुनी मालिका नव्या मालिकेशी जोडता आली. १९०६ मध्ये कुलाब्यातील चुंबकीय नोंदी थांबवण्यात आल्या. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली. १९२५ मध्ये मुंबईत एकदिश प्रवाहावर चालणारी विजेची रेल्वेही सुरू झाली. अलिबागचा निर्णय तोपर्यंत दोन दशके जुना झाला होता.

हवामानाच्या आणि भूकंपाच्या नोंदी पूर्ववत कुलाब्यातच चालू राहिल्या.

चुंबकीय वादळांवरील संशोधन

स्थलांतरानंतर मूस यांनी कुलाब्यातील जुन्या नोंदींकडे लक्ष वळवले. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांतील तासातासाची वाचने तपासणे, उपकरणे बदलल्यामुळे आलेले फरक दूर करणे आणि सर्व आकडे एका मापात आणणे हे काम यंत्राच्या साहाय्याविना हातानेच करायचे होते. त्यातून सिद्ध झालेला 'कोलाबा मॅग्नेटिक डेटा, १८४६ टू १९०५' हा इंग्रजी ग्रंथ १९१० मध्ये मुंबईत दोन भागांत प्रसिद्ध झाला. पहिल्या भागात उपकरणांची माहिती व आकडेवारी आहे, तर दुसऱ्या भागात त्या आकडेवारीचे विवेचन आहे. सूर्यावरील डागांचे चक्र साधारण ११ वर्षांचे असल्याने एकाच ठिकाणच्या या नोंदींत पाचांहून अधिक चक्रे सामावली आहेत.

वादळांच्या अभ्यासात त्या वेळी एक मूलभूत अडचण होती. चुंबकीय क्षेत्र दररोज सूर्याच्या उदयास्ताबरोबर थोडे बदलते. वादळ मात्र दिवसाच्या कोणत्याही प्रहरी सुरू होऊ शकते. अनेक वादळांच्या नोंदी घड्याळाच्या तासांनुसार एकत्र करून सरासरी काढली, तर एका वादळाचा आरंभ दुसऱ्याच्या शेवटात मिसळतो आणि वादळाचा स्वतःचा आकार दिसत नाही.

मूस यांनी काळ मोजण्याचा आरंभबिंदू बदलला. प्रत्येक वादळ ज्या क्षणी सुरू झाले तो शून्य तास धरून त्यांनी पुढचे तास मोजले आणि मग अनेक वादळांची सरासरी घेतली. या पद्धतीने वादळाचा क्रम स्पष्ट झाला. आरंभी क्षैतिज बल एकाएकी थोडे वाढते. काही तासांत ते नेहमीच्या पातळीच्या बरेच खाली उतरते. त्यानंतर कित्येक तास, प्रसंगी काही दिवस, ते सावकाश पूर्वपदावर येत राहते. वरकरणी गोंधळाच्या वाटणाऱ्या घटनेमागे ठरावीक क्रम असल्याचे यातून दिसून आले. वादळाच्या आरंभापासून मोजलेल्या या काळाला पुढे 'वादळकाल' अशी संज्ञा रूढ झाली.

या निष्कर्षाला तत्कालीन वादाची पार्श्वभूमी आहे. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८९२ मध्ये, लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष असताना, चुंबकीय वादळांचे कारण सूर्य असणे अशक्यप्राय असल्याचे प्रतिपादन केले होते. १९०४ मध्ये एडवर्ड वॉल्टर माँडर यांनी वादळे सुमारे २७ दिवसांनी, म्हणजे सूर्याच्या परिवलनाच्या गतीने, पुन्हा येतात असे दाखवून सूर्याची बाजू मांडली. कारणाविषयी मतभेद असताना वादळाच्या वर्तनाचे विश्वसनीय वर्णन उपलब्ध असणे आवश्यक होते. मूस यांच्या ग्रंथाने ते पुरवले.

मुंबईचे स्थान या कामाला विशेष अनुकूल होते. ध्रुवीय प्रदेशाजवळ ध्रुवप्रकाशाचे प्रवाह आणि चुंबकीय विषुववृत्ताजवळ, म्हणजे भारताच्या दक्षिण टोकाकडे, दिवसा वाहणारा तीव्र विद्युतप्रवाह नोंदींमध्ये आपली भर घालतात. मुंबई आणि अलिबाग या दोहोंपासून दूर आहेत. त्यामुळे संपूर्ण पृथ्वीवर होणारा वादळाचा परिणाम येथे तुलनेने स्वच्छ रूपात उमटतो.

आजच्या समजुतीनुसार, सूर्यावरून निघालेला कणांचा लोट पृथ्वीच्या चुंबकीय आवरणावर आदळून ते दाबतो आणि त्यामुळे आरंभीची वाढ होते. त्यानंतर पृथ्वीभोवती काही पृथ्वीत्रिज्यांच्या अंतरावर विद्युतभारित कणांचा वलयप्रवाह तयार होतो. त्याचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या विरुद्ध असल्याने क्षैतिज बल घटते. वलयातील कण हळूहळू नष्ट झाले की बल पूर्ववत होते. मूस यांच्या काळात हे स्पष्टीकरण उपलब्ध नव्हते. त्यांनी वर्णिलेला क्रम मात्र त्याच्याशी जुळतो.

इंग्रज गणितज्ञ सिडनी चॅपमन यांनी १९१८ पासून वादळकालाच्या आधाराने अनेक वेधशाळांच्या नोंदींचे विश्लेषण केले आणि हा विषय पुढे नेला. वादळांची तीव्रता मोजण्यासाठी आज वापरला जाणारा 'डीएसटी' निर्देशांक याच विचारधारेतील आहे. कमी अक्षांशांवरील वेधशाळांत क्षैतिज बल किती घटले, यावर तो आधारलेला आहे.

निवृत्ती आणि उत्तरकाळ

मूस १९१९ मध्ये निवृत्त झाले. १९२२ मध्ये सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी संचालकपद स्वीकारले. कुलाब्याच्या भूकंपमापकांवर पावसाळ्यात आणि समुद्री वादळांच्या वेळी सतत उमटणाऱ्या सूक्ष्म कंपनांचा बॅनर्जी यांनी अभ्यास केला. ही कंपने समुद्रावरील विक्षुब्ध हवामानाशी निगडित असल्याचे दाखवणारा त्यांचा निबंध १९३० मध्ये रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. भूकंपमापनाची मूस यांच्या काळात घातलेली घडी अशा रीतीने अरबी समुद्रातील वादळांच्या अभ्यासालाही उपयोगी पडली.

मूस यांचे १९३६ मध्ये निधन झाले.

वारसा

कुलाबा–अलिबाग ही चुंबकीय निरीक्षणांची मालिका जगातील सर्वांत दीर्घ मालिकांपैकी एक आहे. १९७१ मध्ये स्वायत्त भारतीय भूचुंबकत्व संस्था स्थापन झाली आणि अलिबाग वेधशाळा तिच्या अखत्यारीत आली. या संस्थेचे मुख्यालय पुढे मुंबईच्या कुलाब्यातून रायगड जिल्ह्यातील नवीन पनवेल येथे हलवण्यात आले. अलिबाग वेधशाळेत आजही निरीक्षणे घेतली जातात.

१३ मार्च १९८९ च्या चुंबकीय वादळात कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीजव्यवस्था कोलमडली आणि सुमारे ६० लाख लोक नऊ तास विजेविना राहिले. त्यानंतर भूतकाळातील सर्वांत मोठी वादळे किती तीव्र होती, हा प्रश्न उपग्रह, वीजजाळी आणि दळणवळण यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाचा झाला. १८५९ च्या वादळाची कमी अक्षांशावरील संपूर्ण नोंद कुलाब्यात उपलब्ध होती. ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्सालेस आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील जी. एस. लखीना व एस. ॲलेक्स यांनी २००३ मध्ये तिचे विश्लेषण प्रसिद्ध केले. या वादळाचा डीएसटी निर्देशांक उणे १,७६० नॅनोटेस्ला असावा, असा त्यांचा अंदाज होता. १९८९ च्या वादळाचे मूल्य उणे ५८९ होते. तासाची सरासरी धरून नंतर इतर संशोधकांनी १८५९ साठी याहून बरेच सौम्य अंदाज मांडले आणि त्यावर चर्चा चालू आहे. सर्व पक्षांच्या मांडणीत कुलाब्याच्या नोंदींना मध्यवर्ती स्थान आहे.

या नोंदी करणाऱ्या निरीक्षकांपैकी बहुतेकांची नावे आज सर्वसाधारण वाचकाला परिचित नाहीत. त्यांचे आकडे एका मापात आणून वापरण्याजोगे करणे, त्यांतून वादळाचा क्रम शोधणे आणि वाढत्या शहराच्या विजेपासून मालिकेचे संरक्षण करणे ही मूस यांची तीन प्रमुख कामे मानली जातात. १९०४ ते १९०६ या दोन वर्षांतील समांतर निरीक्षणांमुळे एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे आकडे आणि आजचे अलिबागचे आकडे एकाच मालिकेत वाचता येतात.